माकुळाची चोच
माकुळाची चोच : मृदुकाय संघाच्या शीर्षपाद वर्गातील माकूळ या सागरी प्राण्याच्या मुखातील दोन कठीण जबड्यांची जोडी. पोपटाच्या चोचीशी असलेल्या साम्यामुळे तिला चोच म्हणतात. कोकणात माकूळ किंवा नळ या नावांनी बाजारात येणारा हा प्राणी साफ करताना बाहूंच्या मध्यातून जी काळपट, कठीण गाठ काढून टाकतात, ती म्हणजे ही चोच होय. माकुळाचे बाकीचे शरीर मऊ असल्याने भक्षकाच्या जठरात ते थोड्याच वेळात पचून जाते. चोच मात्र पचत नाही. तिचा आकार निरनिराळ्या कुलांत, वंशांत आणि पुष्कळदा जातींतही वेगळा असतो. त्यामुळे मूळ प्राणी नाहीसा झाल्यावरही केवळ चोचीवरून त्याची जात ओळखता येते व त्याच्या आकारमानाचा अंदाज करता येतो. माकुळांच्या सुमारे ३०० जाती ज्ञात आहेत. त्यांपैकी खोल समुद्रात राहणाऱ्या अनेक जाती जाळ्यांत क्वचितच सापडतात. देवमासे, सील व सागरी पक्षी मात्र त्यांच्यावर नित्य उपजीविका करतात. अशा जातींविषयीचे बरेचसे ज्ञान भक्षकांच्या जठरांत मिळालेल्या चोचींवर आधारलेले आहे.

रचना : माकुळाचे आठ बाहू व दोन लांब संस्पर्शक मुखाभोवती असतात. त्यांच्या मध्यभागी स्नायूंचा एक गोल पुंज असून त्यात चोच रुतलेली असते. बाहेरून तिचे टोक तेवढे दिसते. संस्पर्शकांनी पकडलेले भक्ष्य बाहू मुखाशी आणतात आणि चोच त्याचे लचके तोडते. चोचीमागे असलेल्या रेत्रिका या दंतुर पट्टीच्या साहाय्याने हे तुकडे आत ढकलले जातात. माकुळाची अन्ननलिका मेंदूच्या मधून जाते. त्यामुळे घास लहान असणे आवश्यक असते व ते काम चोचीमुळे साधते.

चोचीचे वरची व खालची असे दोन भाग असतात. पोपटात वरची चोच खालच्या चोचीवर बाहेरून बसते. माकुळात याच्या उलट स्थिती असून मिटलेल्या अवस्थेत खालची चोच वरचीला बाहेरून झाकते. दोन्ही भागांची मूळ घडण सारखीच असते. पुढच्या अणकुचीदार भागाला तुंड म्हणतात. तुंडाच्या मागे बाहेरच्या बाजूस पसरलेला भाग टोप, दोन्ही बाजूंस निघालेले फाटे पंख, आतील बाजूच्या दोन उभ्या भिंती पार्श्वभित्ती व त्या भिंती जेथे एकमेकींस मिळतात ती मागे गेलेली कड शिखा होय. तुंडाची कापणारी धार संपून पंखाची कड सुरू होते तेथे जो कोन तयार होतो त्याला जबड्याचा कोन म्हणतात. वरच्या चोचीचा टोप लांब व पंख आखूड असतात. खालच्या चोचीचा टोप आखूड, तर पंख रुंद असतात. या फरकामुळे सुटी मिळालेली चोच वरची की खालची हे सहज ठरविता येते.

चोच ही कायटिन, प्रथिने व पाणी यांची बनलेली असते. हाडांत किंवा शिंपल्यांत असतात तशी खनिजे तिच्यात नसतात, तरीही तुंड अतिशय कठीण असते. पूर्व पॅसिफिक महासागरातील डोसिडिकस गिगास या मोठ्या माकुळाच्या चोचीच्या अभ्यासातून याचे कारण २००८ मध्ये स्पष्ट झाले. तुंडाकडे प्रथिनांचे परस्परांत रासायनिक बंध होऊन पाण्याचे प्रमाण घटत जाते, तर पंखांकडे पाण्याचे प्रमाण वाढत जाते. त्यामुळे तुंडाची ताठरता पंखांच्या मऊ कडेच्या मानाने सुमारे शंभरपट होते व हा बदल एकदम न होता क्रमाक्रमाने होतो. मऊ स्नायूंत बसविलेले कठीण हत्यार त्या स्नायूंनाच इजा न करता वापरता यावे, अशी ही योजना आहे. जठरातील पाचक रसांचा कायटिनावर फारसा परिणाम होत नाही. म्हणूनच चोच टिकून राहते.

ओळखण्याची लक्षणे : जातीची ओळख करताना मुख्यतः खालच्या चोचीचा उपयोग करतात, कारण निरनिराळ्या कुलांतील भेद तिच्यात अधिक ठळकपणे उमटलेले असतात. प्रथम तुंडाचा आकार (लांब व टोकदार की आखूड व बोथट), जबड्याचा कोन (स्पष्ट की अस्पष्ट), टोप व शिखा यांच्या लांबीचे प्रमाण आणि पंखांची रुंदी पाहतात. त्यानंतर पार्श्वभित्तीची तपासणी करतात. काही कुलांत ही भिंत सपाट असते. काहींत तिच्यावर लांबट कंगोरा किंवा घडी असते. ओनिकोट्यूथिडी कुलातील अनेक जातींत हा कंगोरा चांगला उठून दिसतो. चोच बाजूने, वरून व समोरून अशी तिन्ही अंगांनी पाहणे आवश्यक असते, कारण एका बाजूने सारख्या दिसणाऱ्या दोन चोची दुसऱ्या बाजूने अगदी भिन्न दिसू शकतात.

माकुळाचे जवळचे नातलग असलेल्या इतर शीर्षपाद प्राण्यांनाही चोच असते. अष्टपादाच्या खालच्या चोचीचे तुंड बोथट असते, जबड्याचा कोन स्पष्ट नसतो व वरच्या चोचीचा टोप अगदी आखूड असतो. ज्याचे अंतःकवच समुद्रफेन म्हणून ओळखले जाते त्या सेपियाच्या चोचीचे तुंडही आखूड व रुंद असते. म्हणून कोणत्याही संग्रहाची छाननी करताना प्रथम माकूळ, सेपिया व अष्टपाद असे गट वेगळे करतात, मग कुल व शेवटी वंश आणि जाती ठरवितात.

वाढ व रंग : चोच प्राण्याच्या आयुष्यभर वाढत असते. पिलाची चोच जवळजवळ पारदर्शक असून फक्त तुंडाचे टोक गडद असते. प्राणी वाढतो तसा तपकिरी ते काळा रंग तुंडाकडून टोपावर व पार्श्वभित्तींवर पसरतो. पंख सर्वांत शेवटी रंगतात. ही अवस्था ओळखण्याला विशेष महत्त्व आहे. सारख्याच लांबीच्या दोन चोचींपैकी एक पूर्णपणे काळी व दुसरीचे पंख पारदर्शक असतील, तर पहिली लहान जातीच्या प्रौढ प्राण्याची आणि दुसरी मोठ्या जातीच्या पिलाची असण्याचा संभव असतो. रंगाकडे दुर्लक्ष करून केवळ आकारमानावर भर दिल्यास दोन निराळ्या जाती एकच समजल्या जातात.

चोचीवर वाढीच्या रेषाही असतात. मोरोट्यूथॉप्सिस इन्जेन्स या दक्षिण महासागरातील माकुळाच्या चोचीवरील अशा रेषांचे वर्णन १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. अष्टपादांच्या काही जातींत त्यांवरून वयाचा अंदाज करता येतो. माकुळांच्या बाबतीत मात्र शरीराचा तोल सांभाळणाऱ्या इंद्रियातील सूक्ष्म खड्यांचा उपयोग वयासाठी अधिक केला जातो.

मापन व वजनाचा अंदाज : खालच्या चोचीच्या तुंडाच्या टोकापासून जबड्याच्या कोनापर्यंतचे सरळ अंतर हे माकुळांच्या बाबतीत प्रमाण माप मानले जाते. ते मिमी. मध्ये मोजतात. अष्टपादांत हा कोन अस्पष्ट असल्यामुळे त्याऐवजी टोपाची लांबी घेतात. तुंडाची धार हा चोचीचा सर्वांत कठीण भाग असल्याने पंख किंवा भित्ती मोडलेल्या असल्या तरी हे माप बहुधा मिळू शकते.

ज्या जातीचे पूर्ण प्राणी उपलब्ध आहेत, त्यांतील अनेक लहानमोठ्या प्राण्यांच्या चोची मोजून व शरीरांचे वजन करून या दोहोंतील गणितीय संबंध ठरविला जातो. तुंडाच्या लांबीच्या साधारणपणे तिसऱ्या घाताच्या प्रमाणात वजन वाढते; नेमका घातांक प्रत्येक जातीत थोडा वेगळा असतो. या संबंधामुळे जठरातील एका चोचीवरून तो प्राणी किती किग्रॅ. चा होता हे सांगता येते. मात्र यातच एक धोका आहे. लांबीच्या मापनात १० टक्क्यांची चूक झाली, तर घनाच्या प्रमाणामुळे वजनात सुमारे ३३ टक्क्यांची चूक होते. जातीच चुकीची ओळखली गेली, तर भलत्याच जातीचे सूत्र लावले जाऊन अंदाज पूर्णपणे चुकू शकतो.

प्राण्यांची संख्या ठरविण्याची रीत सोपी आहे. प्रत्येक प्राण्याला एक वरची व एक खालची चोच असते. म्हणून जठरातील वरच्या व खालच्या चोची वेगवेगळ्या मोजतात आणि त्यांतील मोठी संख्या ही भक्षिलेल्या प्राण्यांची किमान संख्या समजतात. सुट्या चोची वाळू दिल्यास त्यांचे पातळ, पारदर्शक भाग आक्रसून वाकडे होतात. त्यामुळे त्या सुमारे ७० टक्के अल्कोहॉलात ठेवतात.

अभ्यासाचा इतिहास : चोचीने प्राणिविज्ञानात महत्त्वाचा पुरावा म्हणून स्थान मिळविले ते महाकाय माकुळाच्या निमित्ताने. १८५३ मध्ये डेन्मार्कच्या किनाऱ्यावर एक प्रचंड माकूळ वाहून आले. त्याचे तुकडे करून ते मासेमारीसाठी आमिष म्हणून वापरले गेले. परंतु चोच शिल्लक राहिली व ती यापेटुस स्टेनस्ट्रुप या डॅनिश प्राणिशास्त्रज्ञांच्या हाती आली. ही चोच व अन्यत्र मिळालेले अवशेष यांच्या आधारे त्यांनी १८५७ मध्ये आर्किट्यूथिस हा वंश प्रस्थापित केला. खलाशांच्या कथांतील राक्षसी प्राण्याला अशा रीतीने विज्ञानात जागा मिळाली.

१९२५ मध्ये ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ गाय रॉबसन यांनी स्पर्म व्हेलच्या जठरात मिळालेल्या बाहूंवरून मेसोनिकोट्यूथिस हॅमिल्टोनाय या दक्षिण महासागरातील अतिविशाल माकुळाचे वर्णन केले. त्यानंतर कित्येक दशके या जातीचे पूर्ण वाढलेले प्राणी जवळजवळ पाहावयास मिळाले नाहीत. मात्र स्पर्म व्हेलच्या जठरांत तिच्या मोठ्या चोची वारंवार मिळत राहिल्या. त्यांवरून तिचा प्रसार अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात आहे आणि त्या भागातील स्पर्म व्हेलच्या आहारात तिचा मोठा वाटा आहे, हे प्रत्यक्ष दर्शनाच्या पुष्कळ आधी समजले होते. फेब्रुवारी २००७ मध्ये रॉस समुद्रात न्यूझीलंडच्या मासेमारी नौकेला ४९५ किग्रॅ. वजनाचे एक माकूळ मिळाले. ते वेलिंग्टन येथील टे पापा संग्रहालयात आहे. समुद्रातील नैसर्गिक स्थितीत या जातीचे पहिले चित्रीकरण ९ मार्च २०२५ रोजी दक्षिण सँडविच बेटांजवळ सुमारे ६०० मी. खोलीवर झाले, ते सुमारे ३० सेंमी. लांबीचे पिलू होते.

चोचींच्या अभ्यासाला पद्धतशीर रूप देण्याचे श्रेय मुख्यतः मॅल्कम क्लार्क (१९३०–२०१३) या ब्रिटिश सागरी जीववैज्ञानिकांना दिले जाते. देवमाशांच्या शिकारीच्या काळात मारलेल्या स्पर्म व्हेलच्या जठरांतून हजारो चोची मिळत. परंतु त्या कोणाच्या हे सांगणारी साधने नव्हती. क्लार्क यांनी पूर्ण प्राण्यांतून काढलेल्या चोचींशी त्यांची तुलना करून चोचीचे भाग, मापे व कुलांची लक्षणे निश्चित केली. चोचीचे माप व शरीराचे वजन यांच्या संबंधावरील त्यांचा निबंध १९६२ मध्ये आणि त्यांनी संपादिलेली शीर्षपादांच्या चोची ओळखण्याची मार्गदर्शिका १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. दक्षिण महासागरातील जातींसाठी जोसे शाव्हिएर व ईव्ह शेरेल यांनी तयार केलेली सचित्र मार्गदर्शिका २००९ मध्ये निघाली.

चोचींचे स्रोत व त्यांचा उपयोग : आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाने व्यापारी शिकार थांबविण्याचा निर्णय १९८२ मध्ये घेतला व तो १९८५–८६ पासून अंमलात आला. तेव्हापासून शिकारीतून मिळणारी सामग्री जवळजवळ बंद झाली. हल्ली किनाऱ्याला लागलेले मृत देवमासे, सील, पेंग्विन आणि मोठे मासे यांच्या जठरांतून चोची मिळवितात. अल्बट्रॉस पक्ष्यांची पिले घरटे सोडण्यापूर्वी न पचलेल्या चोचींचे गोळे ओकून टाकतात. ते गोळे गोळा केल्याने पक्ष्याला इजा न करता अभ्यास करता येतो.

स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणाऱ्या अंबर या सुगंधी पदार्थातही माकुळांच्या चोची रुतलेल्या आढळतात व त्या त्याच्या खरेपणाची एक खूण समजल्या जातात. हा पदार्थ कधीकधी कोकणासह भारताच्या किनाऱ्यांवर वाहून येतो. स्पर्म व्हेल हा भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित प्राणी असल्याने अंबराचा व्यापार बेकायदेशीर आहे.

चोचींवरून भक्षकांच्या हालचालींविषयीही माहिती मिळते. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ मारलेल्या स्पर्म व्हेलच्या जठरांत अंटार्क्टिक समुद्रातील माकुळांच्या चोची मिळाल्यामुळे ते देवमासे दक्षिणेकडून आले होते, असे अनुमान करता आले. चोचीतील नायट्रोजन व कार्बन यांच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून माकूळ अन्नसाखळीत कोणत्या पायरीवर होते व कोणत्या प्रकारच्या जलराशीत वाढले, हेही कळू शकते. शेरेल व कीथ हॉब्सन यांनी ही पद्धत २००५ मध्ये मांडली. तीवरून अतिविशाल माकूळ हे अन्नसाखळीतील अतिशय वरच्या पायरीवरचे भक्षक असल्याचे दिसून आले.

मर्यादा : चोच टिकाऊ असणे हा या पद्धतीचा आधार आहे, तिच्यातील मुख्य दोषही त्यातूनच उद्‌भवतो. माशांच्या कानातील खडे व हाडे जठरात लवकर विरघळतात, तर चोची जठराच्या घड्यांत अडकून साचत राहतात. म्हणून जठरातील अवशेषांची सरळ मोजणी केल्यास आहारातील माकुळांचा वाटा वास्तवाहून अधिक व माशांचा कमी भरतो. भक्षकाने खाल्लेल्या माशाच्या पोटातील चोचीही मोजणीत येऊ शकतात. लहान व नाजूक चोची मोडतात किंवा झिजतात. त्यामुळे लहान जाती नोंदीतून गळतात. शिवाय देवमासा किंवा अल्बट्रॉस शेकडो ते हजारो किमी. प्रवास करीत असल्याने चोच जेथे मिळाली तेथेच ते माकूळ राहत होते, असे म्हणता येत नाही.

जातीच्या ओळखीलाही मर्यादा आहे. कुल व पुष्कळदा वंश यांची ओळख खात्रीने होते. परंतु एकाच वंशातील निकटच्या जातींच्या चोची काही वेळा परस्परांपासून वेगळ्या करता येत नाहीत. एकाच जातीतही वय, लिंग व प्रदेश यांनुसार आकारात फरक पडतो. वजनाच्या सूत्रांची स्थितीही अशीच आहे. वर उल्लेखिलेल्या ४९५ किग्रॅ. च्या माकुळाच्या खालच्या चोचीचे माप ४२.५ मिमी. होते, स्पर्म व्हेलच्या जठरांत मात्र सुमारे ४९ मिमी. मापाच्या चोची मिळाल्या आहेत. यावरून त्याहूनही वजनदार प्राणी समुद्रात आहेत असे मानण्यास आधार मिळतो. परंतु इतके मोठे प्राणी तोलण्यास क्वचितच मिळत असल्याने त्यांच्या वजनाचा आकडा हा अंदाजच ठरतो.

भारतीय समुद्र : भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर व्यापारी दृष्ट्या सर्वांत महत्त्वाचे माकूळ म्हणजे यूरोट्यूथिस डुवाउसेली होय, पूर्वी ते लॉलिगो वंशात समाविष्ट केले जात असे. ट्रॉलर जाळ्यांत ते मोठ्या प्रमाणात मिळते व निर्यातही होते. अरबी समुद्राच्या दूरच्या खोल भागात स्थेनोट्यूथिस ऊआलानिएन्सिस हे महासागरी माकूळ विपुल आहे. टूना व इतर मोठ्या माशांच्या जठरांतील चोची ओळखल्यास कोणता मासा कोणत्या माकुळावर जगतो हे समजते. एकाची अतिरिक्त मासेमारी झाल्यास दुसऱ्यावर काय परिणाम होईल, याचा विचार करण्यास ही माहिती उपयोगी पडते. पहिली जाती बाजारात नित्य मिळत असल्याने तिच्या निरनिराळ्या वयांच्या चोचींचा तुलनेसाठी संग्रह करणे सोपे असते. खोल समुद्रातील जातींच्या बाबतीत ते अवघड असते.

आधुनिक पद्धती : अलीकडच्या काळात चोचीच्या कडेवरील ठरावीक बिंदूंची स्थाने संगणकाच्या साहाय्याने नोंदवून आकारांची तुलना केली जाते, त्यामुळे डोळ्यांना न जाणवणारे सूक्ष्म भेदही आकड्यांत मांडता येतात. डीएनएच्या परीक्षणामुळे ज्या प्राण्यांना एकच जाती समजले जात होते, त्यांत प्रत्यक्षात अनेक जाती असल्याचे काही ठिकाणी आढळले आहे. अशा वेळी जुन्या संग्रहांतील चोचींची नावे पुन्हा तपासावी लागतात. ज्यांचे मऊ ऊतक पूर्णपणे नष्ट झाले आहे अशा जठरातील जुन्या चोचींच्या बाबतीत आकार हाच ओळखीचा प्रमुख आधार राहतो.

या सर्व पद्धतींच्या मुळाशी तुलनेचा संग्रह असतो. ज्या प्राण्याची जात निःसंशय ठरलेली आहे त्याच्या शरीरातून काढलेली, वजन व लांबी यांची नोंद असलेली चोच संग्रहालयात उपलब्ध असेल, तरच जठरातील अज्ञात चोचीला नाव देता येते. चित्रे व वर्णने यांची मदत होते, पण ती अशा नमुन्याची जागा घेऊ शकत नाहीत. देवमाशांचा व पक्ष्यांचा आहार, माकुळांच्या साठ्यांचे अंदाज आणि त्यांवर आधारलेले मासेमारीचे नियम या सर्वांची विश्वसनीयता काही मिमी. लांबीच्या या अवयवाच्या अचूक ओळखीवर अवलंबून असते.